अकरा मासे आणि न हललेली जमीन

एका जंगलात जमीन हलत असे. वर्षातून दोन-चार वेळा तर हमखास, आणि त्यातली एकदा चांगली सणकून. मुलांनो, हे मी इतकं बिनधास्त सांगतोय, कारण मी त्या जंगलात राहत नाही. राहत असतो तर या पहिल्याच वाक्यापायी मला अख्ख्या जंगलाला जेवायला घालावं लागलं असतं.

त्याचं असं झालं. फार पूर्वी तिथं एक वाघ राज्य करत होता आणि तो भित्रा होता. जमीन हलली की त्याची शेपटी थरथरायची आणि प्रजा ते बघायची. म्हणून त्यानं एक रीत घालून दिली. जमीन हलल्यावर जो पहिल्यांदा "हलली" असं म्हणेल, त्यानं साऱ्या जंगलाला जंगलजेवण घालायचं.

झालं. त्या दिवसापासून जमीन हलायची बंद झाली. म्हणजे हलायची तशीच, पण कुणी म्हणेना. फांद्या मोडायच्या, बिळं ढासळायची, दरडी खाली यायच्या, आणि सगळे प्राणी एकमेकांच्या तोंडाकडे आशेनं बघत उभे राहायचे. हा म्हणेल, तो म्हणेल, आणि आपल्याला फुकटचं जेवण मिळेल. शेवटी कुणीतरी "वारा सुटलाय जरा" असं म्हणायचं आणि सगळे हिरमुसून आपापल्या घरी जायचे. घर शिल्लक असलं तर.

पुढं तो भित्रा वाघ मेला, पण रीत काही मेली नाही. आपली गोष्ट घडली तेव्हा त्याचा पणतू गादीवर होता. त्याचं नाव विक्राळसिंह. नावाला घाबरू नका. त्याला फक्त चारचौघांत उठून दिसायची हौस होती.

डोंगरापलीकडे दुसरं एक जंगल होतं. तिथली जमीन गरीब गाईसारखी, कधी हलायची नाही. तिथल्या राजानं विक्राळसिंह महाराजांना एक काचेची पेटी भेट पाठवली. पेटीत पाणी, पाण्यात हिरवं शेवाळ आणि त्यात अकरा लाल मासे. पलीकडच्या जंगलात म्हणे घरोघरी अशा पेट्या होत्या. तिथं त्या शोभायच्याही.

महाराजांनी ती पेटी आपल्या गुहेच्या दाराशी, एका उंच दगडी खांबावर ठेवायला लावली. लांबून येणाऱ्याला मान वर करूनच बघावं लागलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पाणी काठोकाठ भरायला सांगितलं, कारण पेटी थोडीही रिकामी दिसली तर लोक दरिद्री म्हणतील. आणि बरोबर पेटीच्या डोक्यावर येईल अशा कपारीत स्वतःचा दगडी पुतळा बसवला.

हलणारी जमीन, तिच्यावर उंच खांब, खांबावर काच, काचेत काठोकाठ पाणी आणि वर धोंडा. मुलांनो, पुढं काय होणार हे तुमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण राज्यकारभारात शेंबड्या पोरांना कुणी विचारत नाही, तिथं शास्त्रीबुवांना विचारतात.

हे शास्त्रीबुवा म्हणजे धनेश पक्षी. चोच एवढी मोठी की तिच्यातून निघालेली कुठलीही गोष्ट मोठीच वाटायची. माशांची राखण कोणावर सोपवावी, असं महाराजांनी त्यांना विचारलं. बगळा आधीच पुढं होऊन उभा होता, पण त्याचा भाव महाराजांनासुद्धा कळला. शास्त्रीबुवांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला. माशाच्या अंगावर खवले असतात. खवल्या मांजराच्या अंगावरही खवले असतात. तेव्हा ते दोघे भाऊबंद.

अशा रीतीनं गुंडोपंत खवले यांची नेमणूक झाली.

खवल्या मांजर हे नुसतं नावाचं मांजर. अंगभर खवले, हातभर लांब जीभ, जमीन उकरायला दणकट नखं, आणि खाणं मुंग्या नि वाळवी. भीती वाटली की अंगाचं मुटकुळं करून गप्प पडून राहायचं, ही त्याची एकुलती एक हिकमत. गुंडोपंतांचा पाण्याशी संबंध पिण्यापुरता. त्यांची बायको सगुणा म्हणालीसुद्धा, की पाण्यातल्यांची राखण मातीतल्यानं करायची ही कुठली तऱ्हा. पण हुकूम म्हणजे हुकूम.

पहिले आठ दिवस गुंडोपंतांनी हुकूम म्हणून काम केलं. मुंग्यांची अंडी आणून पेटीत टाकायची आणि काच पुसायची. नवव्या दिवशी एक घोटाळा झाला. अकरातली सगळ्यात लहान, शेपटीला एका बाजूनं फाटलेली एक मासोळी गुंडोपंतांच्या नाकासमोर येऊन थांबली. ते डावीकडे गेले, ती डावीकडे आली. ते उजवीकडे गेले, ती उजवीकडे आली. गुंडोपंतांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी घरी जाऊन सगुणेला सांगितलं, की त्यातली एक मला ओळखते. तिचं नाव त्यांनी बाळी ठेवलं. सगुणा हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं मुंग्यांची अंडी जरा निवडून दिली.

महिन्याभरानं जमीन हलली. फार नाही, हलकीशीच. पण उंच खांबावरचं काठोकाठ पाणी ते. एका बाजूनं भस्सकन बाहेर आलं आणि पाण्याबरोबर बाळी आली खाली मातीत. गुंडोपंतांनी लांब जीभ काढून तिला अलगद उचललं, खांबावर चढून पाण्यात सोडलं आणि मग कितीतरी वेळ ते खांबालाच बिलगून बसले.

महाराज म्हणाले, "मासे आनंदानं उड्या मारतात. आमच्या राज्यात सगळेच आनंदात आहेत."

गुंडोपंतांना मात्र कळून चुकलं, की यापेक्षा मोठा हादरा आला तर पेटीचा चुरा होणार. जमिनीच्या पोटातलं त्यांना इतरांच्या आधी कळायचं. पोट टेकून चालणारा प्राणी तो. हादरा यायच्या आधी त्यांच्या पोटाखाली बारीक गुरगुर व्हायची, आणि अलीकडे ती वाढली होती.

उपायही त्यांना ठाऊक होता. पेटी खांबावरून खाली उतरवायची. तिच्याखाली मऊ मातीचं अंथरूण घालायचं. चारी बाजूंनी वेलींनी आवळून बांधायची. पाणी चार बोटं कमी ठेवायचं. डोक्यावरचा धोंडा काढायचा. एका दुपारचं काम. पण महाराजांनी "का?" असं विचारलं तर काय सांगायचं? खरं सांगावं तर तीनशे प्राण्यांचं जेवण गळ्यात पडणार. गुंडोपंतांच्या घरात वाळवीखेरीज काही नव्हतं.

म्हणून त्यांनी महाराजांना जाऊन सांगितलं, की इतक्या उंचावर माशांना घेरी येते. महाराजांनी शास्त्रीबुवांना पाहणी करायला पाठवलं.

शास्त्रीबुवा उडत आले, पेटीभोवती तीन घिरट्या घातल्या आणि एका फांदीवर बसले. जमिनीला त्यांनी पाय लावला नाही. जंगलात जमीन या विषयाचे सगळ्यात मोठे जाणकार तेच होते.

"गुंडोपंत, तुमच्या मनातलं मला कळलं," ते म्हणाले. "तुम्ही तोंडानं म्हणू नका, तुम्हाला परवडायचं नाही. पण आम्ही विद्वान. आम्हाला 'समजा' असं म्हणून काहीही म्हणता येतं. तर समजा, जमीन तसं काही करते. मग संकट कुठून येतं?"

"जमिनीतून," गुंडोपंत म्हणाले.

"म्हणजे जमिनीपासून जितकं लांब जावं तितकं बरं. माझंच बघा. तीस वर्षं झाडाच्या शेंड्यावर राहतोय. मला आजवर काही झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांच्या सल्ल्यानुसार खांबावर आणखी दोन दगड चढवून पेटी हातभर उंच केली. वर लिंबू-मिरची बांधली. शास्त्रीबुवांना शाल आणि फळं मिळाली.

गुंडोपंत घरी येऊन मुटकुळं करून पडले. सगुणेनं त्यांना उठवलं नाही. ती फक्त म्हणाली, "अहो, तुम्हाला वरचं काही जमायचं नाही. खालचं जमतं की."

गुंडोपंत उठून बसले. त्याच दुपारपासून त्यांनी आपल्या बिळातून एक भुयार काढायला घेतलं आणि ते बरोबर खांबाच्या बुडाशी नेलं. रोज ते खांबाखालची बोटभर माती उकरायचे आणि खांब रोज बोटभर खाली बसायचा. उकरताना ते जरा डावीकडे उकरत राहिले, त्यामुळे पेटी हळूहळू पुतळ्याच्या खालून बाजूला सरकली. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या जंगलात सगळ्यांना वर बघायची सवय. जमिनीकडे बघणं म्हणजे जेवणाला आमंत्रण देणं.

महाराजांच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी पेटीकडे बघायला त्यांना मान वर करावी लागायची. महिन्याभरात पेटी डोळ्यांसमोर आली, मग हनुवटीशी, मग छातीशी. महाराजांनी विचार केला आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपण वाढतोय.

दरबारात त्यांनी तसं जाहीर केलं. सगळ्यांनी सांगितलं, की आम्हाला केव्हापासून वाटत होतं, पण लहान तोंडी मोठा घास कसा घ्यायचा. शास्त्रीबुवांनी रीतसर मोजणी केली. मोजणी खांबाशी केली, कारण खांब सरकारी होता. महाराज अडीच हातांनी उंच झाले असा दाखला निघाला. हरणांनी तर महाराजांशी बोलताना पुढचे पाय दुमडायला सुरुवात केली, म्हणजे फरक स्पष्ट दिसावा.

इकडे गुंडोपंतांचं काम चाललं होतं. रोज थोडं पाणी ते जिभेनं पिऊन टाकायचे आणि विचारलंच कुणी तर माशांना तहान लागते असं सांगायचे. ते सगळ्यांना पटायचं. पेटीला वेली बांधल्या आणि हे महाराजांच्या वाढीनिमित्त तोरण आहे म्हणून सांगितलं. शेवटी खांब पुरता गडप झाला आणि पेटी एका खळग्यात, वारुळाच्या भुसभुशीत मातीत अलगद बसली. नुसता काठ वर राहिला. बाळी गुंडोपंतांच्या नाकाशी येऊन थांबली. आता त्यांना चढावं लागत नव्हतं. त्यांनी पोट भरून श्वास घेतला.

पेटी जमिनीला टेकली म्हणजे महाराजांची वाढ पूर्ण झाली. तेव्हा सोहळा करायचा ठरलं. भर दुपारी तीनशे प्राणी गुहेच्या दारात जमले. शास्त्रीबुवा महाराजांच्या उंचीवर बोलायला उभे राहिले, आणि त्यांच्या दुसऱ्याच वाक्याला जमीन हलली.

कपारीतला पुतळा खाली आला. सुरुवातीला पेटी जिथं होती, नेमका त्या जागी आपटला आणि त्याचे चार तुकडे झाले. पेटीतलं पाणी हिंदकळलं, पण काठाबाहेर आलं नाही.

सगळीकडे धूळ उठली आणि सगळे गप्प. अस्वल कोल्ह्याकडे बघतंय, कोल्हा सशाकडे बघतोय. सशाचे ओठ हलले, पण त्यानं वेळीच ते चावले.

"पुतळ्यानं महाराजांपुढं लोटांगण घातलं," शास्त्रीबुवा म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर धूळ फार झाली म्हणून महाराजांनी उरलेला सोहळा गुहेत करायचं ठरवलं. गुहेच्या छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडली होती. तिच्याखाली तीनशे प्राणी आपापल्या मानाप्रमाणे जाऊन बसले. महाराजांचे तीन बछडे सगळ्यात पुढं.

गुंडोपंत माशांपाशी बाहेरच थांबले होते, आणि त्यांच्या पोटाखाली गुरगुर सुरू झाली. आयुष्यात कधी ऐकली नव्हती एवढी.

आता मुलांनो, गुंडोपंतांनी गप्प बसायला काय हरकत होती? पेटी खळग्यात सुखरूप होती. बाळी सुखरूप होती. आतल्यांपैकी कुणी त्यांना कधी बसायला जागा दिली नव्हती. पण काही जण असतात असे. शहाणपण त्यांच्या वाट्याला येतं ते निम्मंच.

गुंडोपंत गुहेच्या तोंडाशी धावले. म्हणाले, बाहेर या, छान ऊन पडलंय. कुणी वळून पाहिलं नाही. म्हणाले, बाहेर लांडगे आलेत. लांडगे आतच बसले होते, त्यांना राग आला. पोटाखालची गुरगुर वाढत चालली. गुंडोपंतांना सगुणा आठवली, घरातली वाळवी आठवली, आणि मग पुढच्या रांगेतले ते तीन बछडे दिसले.

"जमीन हलली," गुंडोपंत ओरडले. "मघाशी हलली आणि आता पुन्हा हलणार आहे."

तीनशे माना एकदम वळल्या. जीव वाचवायला नव्हे हो. तीन पिढ्या ज्या जेवणाची वाट बघितली, ते जेवण आता घालणार तरी कोण, हे बघायला सगळी सभा उठली आणि एकमेकांना तुडवत बाहेर धावली. ससे धावले, रानडुकरं धावली, बछडे धावले, मागून नव्या उंचीचे महाराज धावले. शेवटचं शेपूट बाहेर आलं आणि गुहा धडाडकन खाली बसली. मागं नुसता धोंड्यांचा ढीग राहिला.

मागं वळून कुणी बघितलं नाही.

"कोण म्हणालं?" महाराजांनी विचारलं.

"गुंडोपंत म्हणाले," तीनशे तोंडांनी सांगितलं. काही जणांच्या तोंडाला पाणीही सुटलं होतं.

गुंडोपंत गुहेच्या ढिगाकडे बोट दाखवत काहीतरी सांगू लागले. शास्त्रीबुवांनी त्यांना थांबवलं. ते म्हणाले, की पुरावा समोर आहे. काचेच्या पेटीला तडासुद्धा गेलेला नाही. जमीन हलली असती तर काच राहिली असती का? तेव्हा जमीन हललेली नाही. पण रीत शब्दावर आहे, जमिनीवर नाही. शब्द उच्चारला गेला आहे. जेवण झालं पाहिजे.

"माझ्याकडे वाळवी आहे," गुंडोपंत म्हणाले. "सगळ्यांनी यावं."

वाळवी कुणी खात नव्हतं. पंगत नाराज झाली. शास्त्रीबुवांनी पुन्हा डोळे मिटले, आणि उघडले ते पेटीकडे बघत. ज्याच्या ताब्यात जे असेल ते त्यानं वाढावं, असं ते म्हणाले. मासे गुंडोपंतांच्या ताब्यात आहेत.

गुंडोपंत पेटीवर जाऊन आडवे पडले. म्हणाले, "महाराज, मला शिक्षा करा. मीच खांब उकरला. तुमची उंची वाढलेली नाही. वाटेल ती शिक्षा करा, पण यांना हात लावू नका."

"हा माझ्या उंचीबद्दल बोलतो," महाराज म्हणाले. "याला बाजूला करा."

अस्वलानं त्यांना उचलून बाजूला ठेवलं. गुंडोपंतांनी अंगाचं मुटकुळं केलं आणि डोळे पोटात लपवले, म्हणून पुढचं त्यांनी बघितलं नाही. तुम्हीही बघू नका. अकरा मासे तीनशे पानांवर कसे वाढायचे, हा प्रश्न आला होता, तो महाराजांनीच सोडवला. सगळ्यांच्या वतीनं अकराही मासे त्यांनी खाल्ले. बाकीच्यांना पेटीतलं पाणी तीर्थ म्हणून वाटलं. ते पिऊन सगळ्यांनी ढेकर दिली आणि असं जंगलजेवण पूर्वी झालं नव्हतं असं म्हणत ते घरी गेले.

मग सगळ्या गोष्टींची नीट व्यवस्था लागली. पेटी एवढ्या गडबडीतही फुटली नाही याचं श्रेय शास्त्रीबुवांना मिळालं. त्यांनी पेटीच्या सुरक्षिततेचे पाच नियम लिहून काढले. पेटी जमिनीलगत असावी. खाली मऊ माती असावी. वेलींनी आवळलेली असावी. पाणी चार बोटं कमी असावं. वर धोंडा नसावा. हे नियम शिळेवर कोरले. दर सोमवारी दोन माकडं येऊन वेली ओढून बघतात, पाणी मोजतात आणि समाधानानं परत जातात. पेटीत मासे नाहीत, पण नियमांत मासे असावेत असं कुठं म्हटलेलं नाही.

गुंडोपंतांची नेमणूक अजून कायम आहे. ते रोज काच पुसतात. काच पुसताना आधी डावीकडे सरकतात, मग उजवीकडे, आणि थोडा वेळ थांबतात.

परवा दुपारी दोघं नवरा-बायको बिळात बसले होते. पोटाखाली गुरगुर झाली, छताची माती सगुणेच्या डोक्यावर पडली, भिंत या कडेची त्या कडेला झाली.

"अहो," सगुणा म्हणाली, "तुम्हाला काही जाणवलं का?"

"वारा असेल," गुंडोपंत म्हणाले.

जमिनीखाली वारा शिरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं डोक्यावरची माती झटकली आणि दोघं वाळवी निवडत बसले.

तात्पर्य : हलत्या जमिनीवर मासे पाळायचे असतील तर पेटी खाली ठेवावी, घट्ट आवळावी, पाणी चार बोटं कमी भरावं, आणि कुणाचा जीव वाचवायची पाळी आलीच तर 'छान ऊन पडलंय' एवढं म्हणून आपल्या माशांपाशी परत यावं.